तांब्याचा हिरवा क्षार : त्याचे गुण, घडण व बागांतील उपयोग

कल्हईवाला आतां गांवोगांव फिरतांना क्वचितच दिसतो; परंतु ज्यांनीं त्याचें काम लहानपणीं पाहिलें आहे, त्यांस एक गोष्ट आठवत असेल. भट्टीवर भांडें तापलें म्हणजे तो त्यांत नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर निघे, आणि काळवंडलेलें तांबें क्षणांत लख्ख होई. मग कथील लावून तो कापसाच्या बोळ्यानें तें सर्वत्र फिरवी. दुसरी गोष्ट घरांतील वडीलधाऱ्या बायकांस ठाऊक असे : कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक ठेविलें तर तें कळकतें व पिणारास बाधतें. पहिल्या गोष्टींत नवसागरांतील क्लोरीन तांब्यावरील काळ्या भस्माशीं संयोग पावतो व त्याचें क्लोराइड होऊन मळ सुटतो. दुसरींत ताकाचा आंबटपणा तांब्यास विरघळवितो, आणि विरघळलेलें तांबें विषारी ठरतें. या दोन घरगुती गोष्टी नीट ध्यानांत ठेविल्या, तर आपण बागेसाठीं दुकानांतून जी ‘कॉपर ऑक्सिक्लोराइड’ नांवाची निळसर हिरवी भुकटी आणतों, तिचें सारें शास्त्र हातीं येतें.

ही भुकटी बीड जिल्ह्यांत मोसंबी, लिंबू, डाळिंब, सीताफळ व कापूस यांपैकीं कांहींहि लावणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं सांपडेल. परंतु ती कशाची बनली आहे, ती काय करूं शकते व काय करूं शकत नाहीं, याचा विचार फारसा होत नाहीं. रोग दिसूं लागल्यावर फवारा मारावा, गुण आला नाहीं म्हणून मात्रा वाढवावी, आणि तरीहि गुण न आल्यास औषधास दोष द्यावा, असा क्रम आम्हीं पुष्कळ बागांतून पाहिला आहे. आणि एका ओल्या वर्षीं आम्ही स्वतःहि त्याच मार्गानें गेलों होतों. पैसा गेला, पानें करपलीं व रोग जागच्या जागीं राहिला. म्हणून या विषयाची साग्र माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

तांबें व क्लोरीन यांचीं तीन संयुगें

तांबें व क्लोरीन यांच्या संयोगानें होणाऱ्या पदार्थांपैकीं तीन आपणांस ओळखून घेतले पाहिजेत.

पहिला पदार्थ ताम्रिक क्लोराइड. हा अगदीं कोरडा असतां पिवळट तपकिरी दिसतो. पण हवेंतील ओल शोषून प्रत्येक रेणूमागें पाण्याचे दोन रेणू धरतो व निळसर हिरव्या स्फटिकांचें रूप घेतो. या स्फटिकांत शेंकडा सुमारें ३७ भाग तांबें असतें. पाण्यांत तो फार सहज विरघळतो. दाट द्रावण हिरवें असतें, व पाणी घालीत गेल्यास निळें होत जातें. दिवाळींतील दारूकामांत जी निळी ज्योत दिसते, तीहि तांबें व क्लोरीन यांच्याच संयोगाची करामत होय.

दुसरा पदार्थ ताम्रस क्लोराइड. हा शुद्ध असतां पांढरा असतो आणि पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. परंतु ओलसर हवा लागली कीं हिरवट पडूं लागतो. जुन्या तांब्याच्या व काशाच्या मूर्तींना जो हिरवा रोग लागतो, त्याचें बीज हेंच. मातींतील मिठामुळें धातूच्या पोटांत हें संयुग तयार होऊन बसतें, पुढें दमट हवा मिळतांच त्याची हिरवी पूड होते, आणि मूर्ती आंतून खाल्ली जाते.

ती हिरवी पूड म्हणजेच तिसरा पदार्थ, ताम्र-ऑक्सिक्लोराइड. याच्या रेणूंत तांब्याचे दोन अणू, हायड्रॉक्सिलाचे तीन गट व क्लोरिनाचा एक अणू असतो. शुद्ध पदार्थांत शेंकडा सुमारें ५९ भाग तांबें भरतें. निसर्गांत हा खनिजरूपानेंहि सांपडतो. दक्षिण अमेरिकेंत चिली देशांत ॲटाकामा नांवाचें वाळवंट आहे, जेथें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. त्यावरून या खनिजास ॲटाकामाइट हें नांव मिळालें. याचा मुख्य गुण असा कीं, तो साध्या पाण्यांत विरघळत नाहीं म्हटलें तरी चालेल. मात्र आंबट पाण्यांत विरघळूं लागतो. पुढील सर्व विवेचनाचा पाया या एका गुणावर आहे.

पदार्थाची घडण

नुसत्या तांब्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलें तर तांबें विरघळत नाहीं. त्यास हवेंतील ऑक्सिजनाचें साहाय्य लागतें. म्हणून प्रयोगशाळेंत ताम्रिक क्लोराइड करावयाचें असल्यास तांब्याचें काळें ऑक्साइड किंवा हिरवें कार्बोनेट या आम्लांत विरघळवितात व द्रावण आटवून स्फटिक पाडतात. या द्रावणांत दाहक सोडा किंवा चुन्याचें पाणी बेतानें घातलें म्हणजे ऑक्सिक्लोराइडाचा हिरवट सांका तळाशीं बसतो. सोडा अधिक झाला तर क्लोरीन सर्वच निघून जाऊन तांब्याचें हायड्रॉक्साइड उरतें. म्हणून प्रमाण राखणें हेंच येथें कौशल्य आहे.

कारखान्यांत मोडींतलें तांबें, मीठ व आम्ल यांचें पाणी, आणि हवेचा झोत यांवर काम चालतें. मिठाच्या दाट पाण्यांत ताम्रस क्लोराइड विरघळून राहतें. त्यांतून हवा खेळविली कीं ऑक्सिजन व पाणी घेऊन त्याचें ऑक्सिक्लोराइड बनतें व खालीं बसतें. मग तें धुऊन, वाळवून, अतिशय बारीक दळतात, व पाण्यांत भुकटी सारखी पसरावी आणि पानास चिकटावी म्हणून इतर पदार्थ मिसळतात. डब्यावर जो ५० टक्के हा आकडा असतो तो धातुरूप तांब्याचा होय. म्हणजे एक किलो भुकटींत अर्धा किलो तांबें येतें.

हा पदार्थ घरीं करण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. आम्लाच्या वाफा फुप्फुसांस घातक आहेत. शिवाय सांका नीट धुतला गेला नाहीं तर विरघळणारें क्लोराइड त्यांत राहतें व तेंच पान जाळतें. घरीं करण्याजोगें ताम्रौषध एकच, तें म्हणजे बोर्डो मिश्रण. त्याची रीत पुढें दिली आहे.

पानावर काय घडतें

आतां मुख्य प्रश्न. ताम्रिक क्लोराइड सहज विरघळतें व ऑक्सिक्लोराइड विरघळत नाहीं, तर फवाऱ्यासाठीं न विरघळणारा पदार्थच कां निवडला ? उत्तर कळकलेल्या ताकांत आहे. विरघळलेलें तांबें बुरशीस जसें मारतें, तसें पानाच्या पेशींसहि मारतें. विरघळणारें क्लोराइड पानावर पडलें तर एकदम सारें तांबें मोकळें होऊन पान करपेल, आणि उरलेलें पहिल्याच पावसाबरोबर वाहून जाईल. ऑक्सिक्लोराइडाचे कण मात्र पानावर कोरडे बसून राहतात. दंव किंवा पावसाचा थेंब पडला, बुरशीचें बीज त्या थेंबांत फुगूं लागलें, म्हणजे त्या बीजांतून व पानांतून पाझरणाऱ्या किंचित् आंबट रसामुळें कणांतील अत्यल्प तांबें सुटतें. अंकुरणारें बीज तें शोषून घेतें. तांबें त्याच्या जीवनव्यापार चालविणाऱ्या द्रव्यांस जखडून टाकतें, आणि अंकुर पानांत शिरण्यापूर्वींच मरतो.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, हें औषध राखणदार आहे, वैद्य नव्हे. बुरशी एकदां पानाच्या आंत शिरली कीं बाहेर बसलेल्या तांब्याचा हात तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. दुसरी, ज्या भागावर कण पडले नाहींत तो भाग उघडाच राहतो. कारण हें तांबें पानाच्या अंगांत भिनून इकडून तिकडे जात नाहीं. नवीन फुटलेली पालवी म्हणूनच दर वेळीं अरक्षित असते. मात्रा दुप्पट केल्यानें या दोहोंपैकीं एकहि उणीव भरून निघत नाहीं.

या औषधाचा एक मोठा गुणहि सांगितला पाहिजे. तांबें बीजाच्या एकाच मर्मावर घाव घालीत नाहीं, तर अनेक ठिकाणीं घालतें. त्यामुळें नव्या औषधांना जशा बुरशा थोड्याच वर्षांत सरावतात, तशा तांब्यास सहसा सरावत नाहींत.

हें ज्ञान जगास कसें झालें, ती हकीकत मनोरंजक आहे. इ. स. १८७८ च्या सुमारास अमेरिकेंतून फ्रान्समध्यें द्राक्षांवरील केवडा रोग आला व मळेच्या मळे उजाड होऊं लागले. १८८२ सालीं बोर्डो शहराजवळील मेडॉक भागांत मिलार्दे नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास असें दिसलें कीं, इतर वेली निष्पर्ण झाल्या असतां वाटेकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. चौकशी करतां समजलें कीं, येणाऱ्याजाणाऱ्यांनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून मालक त्या ओळींवर तांब्याचा क्षार व चुना यांचें विषारी दिसणारें निळें पाणी शिंपडीत असत. चोरासाठीं केलेली युक्ति रोगास लागू पडली ! मिलार्दे यांनीं प्रयोग करून १८८५ सालीं हें मिश्रण प्रसिद्ध केलें. त्याच मिश्रणावर आज नाशिककडील द्राक्षबागाईतदारहि विसंबतात.

आमच्या जिल्ह्यांतील पिकें

बीड जिल्ह्याचा पाऊस बेताचा. परंतु जो येतो तो पुष्कळदां थोड्या दिवसांत कोसळतो, आणि परतीच्या पावसांत तर भारी काळ्या जमिनींत दिवसेंदिवस पाणी साचून राहतें. २०१२-१३ च्या अवर्षणांत मराठवाड्यांतील अनेक मोसंबीच्या बागा वाळून तोडाव्या लागल्या, हें कोणीं विसरलेलें नाहीं. टँकरनें पाणी घालून जगविलेली बाग पुढें एका ओल्या हंगामांत रोगानें जाणें, यापरतें दुःख नाहीं. म्हणून कोठें तांबें उपयोगीं व कोठें निरुपयोगी, हें पिकवार पाहूं.

मोसंबी : गेवराईकडील गोदाकांठच्या भारी जमिनींत डिंक्या रोगाचें भय फार. जमिनींतील बुरशी बुंध्याच्या सालींत शिरते, साल कुजते व डिंक वाहूं लागतो. यावर पावसाळ्यापूर्वीं व पावसाळा संपल्यावर बुंध्यास जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत बोर्डो मलम लावणें हा उत्तम प्रतिबंध होय. कुजलेली साल धारदार चाकूनें खरवडून, ती बागेबाहेर जाळून, मग मलम लावावें. परंतु बुंध्याशीं पाणी साचत असेल, किंवा कलमाचा सांधा मातींत गाडला गेला असेल, तर कोणतेंहि मलम झाड वांचवूं शकणार नाहीं. आधीं चर, मग चुना-मोरचूद.

कागदी लिंबू : खैऱ्या रोग बुरशीचा नसून सूक्ष्म जंतूंचा आहे. पावसाचे शिंतोडे व पान पोखरणाऱ्या अळीच्या जखमा यांवाटे तो पसरतो. रोगट फांद्या छाटून, नवी पालवी फुटतांच ताम्रौषध फवारल्यास नवीं पानें व फळें बरींच वांचतात. आधींचे खैरे डाग मात्र जात नाहींत.

सीताफळ : बालाघाटच्या डोंगरांतील आमच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि अंबाजोगाई येथें परभणीच्या कृषि विद्यापीठाचें सीताफळ संशोधन केंद्र आहे. दाट झाडींत पावसाच्या दिवसांत फळें काळीं पडून कुजतात. झाडावर राहिलेलीं जुनीं वाळकीं फळें हेंच रोगाचें कोठार; तीं आधीं वेंचून जाळावींत, फांद्या विरळ कराव्यात, आणि मग फळ सुपारीएवढें असतांनाच तांब्याचा फवारा द्यावा.

कापूस : येथें वाचकांस विशेष सावध करावेंसें वाटतें. दीर्घ उघडिपीनंतर एकदम मोठा पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिलें, कीं उभीं झाडें एका-दोन दिवसांत माना टाकतात. यास आकस्मिक मर म्हणतात. हा मुळीं बुरशीचा रोग नव्हे. मुळांशीं हवा कोंडल्यामुळें झाड गुदमरतें. दहा लिटर पाण्यांत पंचवीस ग्रॅम ही भुकटी, युरिया व पालाश यांसह घालून बुंध्याशीं आळवणी करण्याची शिफारस आहे. परंतु त्यांतील तांबें हें दुबळ्या मुळांवर बुरशी चढूं नये एवढ्यापुरतेंच. साचलेलें पाणी तत्काळ काढून देणें व वाफसा येतांच कोळपणी करणें, हा खरा उपाय होय.

मिसळण्याची व फवारण्याची रीत

फवाऱ्यासाठीं साधारणतः दहा लिटर पाण्यास २५ ते ३० ग्रॅम भुकटी लागते. तथापि डब्यावर त्या त्या पिकासाठीं छापलेलें प्रमाणच पाळावें. भुकटी एकदम पंपांत टाकूं नये. आधीं थोड्या पाण्यांत दह्यासारखी कालवावी, मग फडक्यांतून गाळून उरलेल्या पाण्यांत मिसळावी. ती विरघळत नाहीं, केवळ तरंगत असते; म्हणून पंप वरचेवर हालवीत राहावें. न हालविल्यास पहिल्या झाडांवर नुसतें पाणी व शेवटल्या झाडांवर जाड थर, असा प्रकार होतो.

फवारा पावसापूर्वीं, पण पानावर वाळण्यास कांहीं तास मिळतील अशा बेतानें द्यावा. पानांच्या पाठींवरहि पोंचवावा. फुलें उमलण्याच्या ऐन भरांत, तसेंच गार, ढगाळ व दीर्घकाळ ओलसर हवेंत फवारल्यास पान व फूल करपण्याचें भय असतें. आंबट औषधांबरोबर ही भुकटी मुळींच मिसळूं नये. डिंक्यासाठीं वापरलें जाणारें फोसेटिल-ॲल्युमिनियम हें असेंच एक आंबट औषध होय. आंबट पाण्यांत तांबें विरघळतें, आणि न विरघळण्याचा जो गुण म्हणून आपण हा पदार्थ निवडला, तोच नाहींसा होतो.

बोर्डो मिश्रणासाठीं एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यांत व एक किलो ताजा कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरांत निरनिराळा भिजवावा. भांडीं लाकडी, मातीचीं किंवा प्लॅस्टिकचीं असावींत, लोखंडाचीं असूं नयेत. दोन्ही द्रावणें थंड झाल्यावर तिसऱ्या भांड्यांत एकदम ओतून ढवळावींत. मग घांसून स्वच्छ केलेला विळा त्यांत क्षणभर बुडवावा. त्यावर तांबूस पूट चढलें तर मोकळें तांबें शिल्लक आहे असें समजून चुन्याची निवळी आणखी घालावी. मलमासाठीं प्रत्येकी एक किलो मोरचूद व चुना यांस एकूण दहाच लिटर पाणी घ्यावें. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. शिळें झालें कीं त्याचे कण मोठे होतात व चिकटपणा जातो.

दोहोंची तुलना करणारांसाठीं एक आंकडा देतों. मोरचुदांत शेंकडा सुमारें २५ भाग तांबें असतें. म्हणजे शंभर लिटर बोर्डो मिश्रणांत सुमारें २५० ग्रॅम तांबें जातें. लिटरास तीन ग्रॅम या मानानें शंभर लिटरांत ३०० ग्रॅम भुकटी, म्हणजे १५० ग्रॅम तांबें जातें. बोर्डो अधिक चिकट व टिकाऊ, तर भुकटी सोयीची व तांब्यास काटकसरीची.

तांब्याचा हिशेब

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हा लेख मुख्यतः लिहिला ती सांगतों. इतर बहुतेक औषधें ऊन, पाणी व जमिनींतील जीवजंतू यांच्यायोगें कालांतरानें मोडून जातात. तांबें हें मूलद्रव्य आहे. तें मोडत नाहीं, कुजत नाहीं, उडून जात नाहीं. पानावरून धुपलें तें जमिनींत गेलें, आणि जमिनींत गेलें तें बव्हंशीं वरच्या थरांतच राहिलें.

समजा, मोसंबीच्या बागेंत एकरीं ४०० लिटर पाणी लागलें, तर लिटरास तीन ग्रॅमप्रमाणें १,२०० ग्रॅम भुकटी, म्हणजे ६०० ग्रॅम तांबें एका फवाऱ्यांत गेलें. हेक्टरीं हें सुमारें दीड किलो होतें. वर्षांत तीन फवारे दिले तर साडेचार किलो, आणि सात वर्षांत साडेएकतीस किलो. मलम व आळवणी निराळींच. युरोपीय संघानें २०१९ पासून सात वर्षांच्या मुदतींत हेक्टरीं २८ किलोंहून अधिक तांबें घालण्यास मनाई केली. कारण ज्या बोर्डोच्या परिसरांत हें औषध जन्मास आलें, तेथील द्राक्षमळ्यांच्या जमिनी शंभराहून अधिक वर्षांच्या फवाऱ्यांनीं तांब्यानें भरून गेल्या आहेत.

आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनी तांब्यास घट्ट धरून ठेवतात, त्यामुळें पिकावर त्याची बाधा लवकर दिसत नाहीं, हें खरें. परंतु धरून ठेवणें म्हणजे नाहींसें करणें नव्हे. जास्त झालेलें तांबें गांडुळांस व जमिनींतील उपकारक जंतूंस मारक होतें. आज उधळलेल्या तांब्याचें कर्ज नातवांच्या नांवें चढतें, आणि या कर्जास माफी नाहीं.

आणखी दोन सूचना. मासे व जलचर यांस तांबें अत्यंत विषारी असल्यामुळें पंप व डबे विहीर, ओढा किंवा शेततळें यांच्याजवळ धुऊं नयेत. तसेंच सर्व पाळीव जनावरांत मेंढीस तांबें सर्वांत अधिक बाधतें. आपल्याकडे धनगरांचे कळप खतासाठीं शेतांत बसविण्याची चाल आहे, ती उत्तमच. परंतु नुकत्याच फवारलेल्या बागेंतील गवत मेंढरांस चारूं देऊं नये, व धनगरास तसें आधीं सांगावें. फवारणारानें हातमोजे घालावे, नाकातोंडावर कापड बांधावें, आणि काम झाल्यावर साबणानें अंग धुवावें.

सारांश, हा हिरवा क्षार बाळगण्याजोगा राखणदार आहे. राखणदारास चोर येण्यापूर्वीं दाराशीं बसवावें लागतें. घर फुटल्यावर चार राखणदार आणून उपयोग नसतो. पाण्याचा निचरा, रोगट फांद्या-फळांची झाडलोट, आणि पावसापूर्वीं वेळेवर दिलेला एक नेटका फवारा, एवढें साधल्यास वर्षाचे दोन फवारे पुष्कळ बागांत वांचतील. यंदापासून आपल्या जमाखर्चाच्या वहींत एक पान तांब्याचें ठेवावें : तारीख, भुकटी किती, त्यांत तांबें किती. सात वर्षांनीं त्या पानाची बेरीज केली म्हणजे आपण जमिनीस काय दिलें, हें ज्याचें त्यास कळेल.